गारपीट झाली? छतावर चढू नका, आधी मोबाईल काढा

गारपीट म्हटलं की बातमी येते ती द्राक्षांची, गव्हाची, हरभऱ्याची. ते बरोबरच आहे. पण २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात झाली तशी मोठी गारपीट असेल, तर घरावरचे पत्रे, कौलं आणि सोलर यांनाही मार बसतो. हे नुकसान त्याच दिवशी दिसतं असं नाही. बऱ्याचदा ते जूनच्या पहिल्या पावसात डोक्यावर टपकायला लागतं.

एका एप्रिलमध्ये आमच्या गावाकडच्या घरावर गारा पडल्या. बाबांनी सिमेंटच्या पत्र्याचे पाच-सहा फोटो मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले. सगळे नुसत्या भोकांचे क्लोजअप. पंचनाम्याच्या वेळी साधे प्रश्न आले: हे भोक कोणत्या घराचं? एकूण पत्रे किती, फुटले किती? फोटोंवरून एकाचंही उत्तर देता येईना, आणि मूळ फोटो फोनमधून डिलीट झालेले. त्याहून वाईट म्हणजे ते काढायला बाबा ओल्या पत्र्यावर चढले होते. म्हणून हा लेख.

१. आधी थांबा

शेवटचा गडगडाट ऐकल्यापासून किमान ३० मिनिटं बाहेर पडू नका. पुण्याच्या आयआयटीएम या संस्थेने तयार केलेलं ‘दामिनी’ अ‍ॅप आसपास वीज पडण्याचा इशारा देतं, ते एकदा बघा. बाहेर आल्यावर तुटलेल्या वायरींकडे आधी लक्ष द्या.

तोपर्यंत दारातून हाताशी येईल ती मोठी गार उचला आणि १० रुपयांच्या नाण्याशेजारी ठेवून फोटो काढा. नाण्याचा व्यास २७ मिमी असतो, म्हणजे गारेचं माप आपोआप नोंदलं गेलं.

२. फोनची दोन सेटिंग्ज

कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन चालू करा. आयफोनमध्ये हे प्रायव्हसीमधल्या लोकेशन सर्व्हिसेसमध्ये सापडेल. फोनची तारीख-वेळ ‘ऑटोमॅटिक’वर आहे ना, तेही बघा. मग प्रत्येक फोटोच्या फाईलमध्येच वेळ आणि ठिकाण साठवलं जातं.

३. फोटो तीन टप्प्यांत

लांबून: घराच्या चारही बाजूंनी, पूर्ण छत आणि ओळखू येईल अशी खूण (दार, घर क्रमांक, शेजारचं झाड) फ्रेममध्ये घेऊन.

मधून: छताचा एकेक भाग. एकूण पत्रे मोजता आले पाहिजेत.

जवळून: प्रत्येक तडा किंवा भोक. जमिनीवरून झूम करा, किंवा सेल्फी स्टिकला फोन लावून व्हिडिओ चालू करा आणि वर धरा. वर विजेची तार असेल तर स्टिक अजिबात नको.

पत्र्याचे पोचे भर दुपारी दिसत नाहीत. सकाळी किंवा संध्याकाळी ऊन तिरकं असताना त्यांच्या सावल्या पडतात, तेव्हा फोटो काढा.

४. आतून तपासणी

मला विचाराल तर सगळ्यात उपयोगी तपासणी हीच. भर दुपारी दारं-खिडक्या लावून अंधार करा आणि वर बघा. बारीक भोकंसुद्धा ताऱ्यांसारखी चमकतील. स्क्रीनवर बोट ठेवून ब्राइटनेस खाली ओढला की ती फोटोत नीट येतात.

५. कोणत्या छतावर काय बघाल?

लोखंडी पत्रा: हुकाच्या आजूबाजूची जागा आणि वायसर. नुसता पोचा असेल तर पत्रा लगेच गळत नाही. पण जस्ताचा थर उडाला असेल तर तिथे गंज धरतो. महिन्याने त्याच जागेचा फोटो काढून ताडून बघा.

सिमेंटचा पत्रा: तडे केसाएवढे असतात. पत्रा वाळत आला की तड्याची रेघ ओलीच राहते, तेव्हा शोधा. या पत्र्यावर पाय देऊ नका, माणसाच्या वजनाने तो अचानक फुटतो. जुन्या पत्र्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, त्यामुळे तुकडे झाडू नका, फोडू नका.

कौलं: फुटलेली सहज दिसतात, सरकलेली नाही. ओळ कुठे वाकडी झाली ते वळचणीकडून बघा.

स्लॅब: जिन्याने जाता येतं, त्यामुळे इथे वर जाऊन बघायला हरकत नाही. पाणी जायची तोंडं पाल्याने तुंबलीत का आणि टाकीचं झाकण फुटलंय का, ते बघा.

सोलर पॅनेल: प्रमाणित चाचणीत पॅनेलवर साधारणपणे २५ मिमीचे बर्फाचे गोळे सेकंदाला २३ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ८३ किमी वेगाने मारतात. गार १० च्या नाण्याएवढी किंवा मोठी असेल, तर तिने त्या चाचणीचं माप ओलांडलं. काच शाबूत असली तरी आतल्या सेलना तडे जाऊ शकतात. इन्व्हर्टरच्या अ‍ॅपमध्ये आधीच्या तशाच उन्हाच्या दिवसाशी वीजनिर्मिती ताडून बघा. फुटलेल्या पॅनेलला हात लावू नका, उजेडात त्यात करंट असतोच.

सोलर हीटर: काचेच्या नळीच्या टोकाला चांदीसारखा डाग असतो. तो पांढरा पडला असेल तर नळीतली निर्वात पोकळी गेली.

६. फोटो जपा

व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की तो दाबला जातो आणि ठिकाणाची माहिती गळते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. मूळ फाईल्स ड्राइव्हवर ठेवा आणि डिलीट करू नका. फिल्टर, क्रॉप काही नको.

७. पंचनाम्यासाठी

गारपीट सरकारी मदतीच्या आपत्तींच्या यादीत आहे. पण घराच्या अंशतः पडझडीसाठी केंद्राच्या निकषांत किमान १५ टक्के नुकसान लागतं. म्हणूनच ‘बरेच पत्रे फुटले’ असं सांगू नका, ‘४० पैकी ९ फुटले’ असा आकडा द्या आणि सोबत तो दाखवणारा लांबचा फोटो ठेवा. तलाठ्यांना लवकर कळवा. पाऊस आत येत असेल तर ताडपत्री जरूर टाका, पण आधी फोटो काढा. घराचा विमा असेल तर कंपनीलाही लगेच कळवा.

आमच्याकडे आता नियम एकच आहे: बाबा खाली, फोन वर. पत्रा नवा मिळतो. हा लेख घरातल्या मोठ्यांनाही वाचून दाखवा, कारण शिडी तेच लावतात.