संथ विमानाचा शेवट

विमानांच्या इतिहासात वेगाचे कौतुक फार. आम्हांस मात्र एका संथ विमानाविषयी सांगावयाचे आहे. हँडली पेज कंपनीची एच. पी. ४२ जातीची दुपंखी, चार एंजिनांची विमाने एकंदर आठच झाली. ताशी सुमारे १०० मैल हा त्यांचा वेग! त्यांतली काही कैरो-कराची मार्गावर हिंदुस्थानचे टपाल नि उतारू आणीत. शांततेच्या काळात, १९३१ ते १९३९, त्यांत एकही उतारू दगावला नाही. आमच्या मते हीच त्यांची खरी कमाई.

पुढे युद्ध आले. १ मार्च १९४० रोजी ‘हॅनिबल’ जास्कहून शारजाकडे निघाले, ते ओमानच्या आखातावर आठ माणसांसह नाहीसे झाले. जस्टिस पक्षाचे पुढारी सर ए. टी. पन्नीरसेल्वम त्यांत होते. कारण आजतागायत कळलेले नाही. बाकीची आग, वादळ, अपघात यांत गेली; १९४१ नंतर एकही उरले नाही.