बांधावरची सुबाभूळ

पन्हाळगड पाहायला आलेला पाहुणा अंबरखान्यात गंगा, यमुना, सरस्वती ही धान्यकोठारं बघतो आणि थक्क होतो. मला लहानपणापासून दुसराच प्रश्न पडायचा. माणसांचं झालं, पण १६६० च्या वेढ्यात गडावरची जनावरं काय खात असतील? कारण इथल्या जांभ्यावरचं गवत दिवाळीनंतर पिवळं पडतं आणि उन्हाळ्यात नावालाही उरत नाही.

गडाखाली आमचं रान आहे. १९८३ च्या सुमारास वडिलांनी बांधावर सुबाभूळ लावली. तेव्हा तिचा मोठा बोलबाला होता. उरुळीकांचनला मणिभाई देसाईंच्या बाएफ संस्थेने कोरडवाहू भागासाठी हे झाड हाती घेतलं होतं. पाल्यात प्रथिनं भरपूर, तोडलं की पुन्हा फुटतं, शिवाय मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीत आणतात. १९७२ चा दुष्काळ पाहिलेल्या माणसाला आणखी काय हवं? (घोड्याला मात्र हा पाला देऊ नये, आयाळ आणि शेपटी झडते. शिवकाळात ही झाडं नव्हती हे बरंच झालं!)

झाड मूळचं मेक्सिकोकडचं. स्पॅनिश जहाजांतून ते फिलिपाईन्सला पोचलं आणि पुढे उष्ण प्रदेशांत सगळीकडे पसरलं. उंच वाढणारे वाण हवाई विद्यापीठात जेम्स ब्रूबेकर यांनी निवडले. त्यातला ‘के-८’ आपल्याकडे गाजला. गोम अशी, की सुबाभूळ बहुतेक वेळा स्वतःच्याच परागांवर बी धरते. एका झाडाची हजार लेकरं, सगळी एका चेहऱ्याची. वडिलांना त्याचंच कौतुक. रांग कशी कवायतीला उभी राहिल्यासारखी दिसे!

मग सायलिड नावाची, माव्यासारखी दिसणारी बारीक कीड आली. १९८४ मध्ये ती हवाई बेटांवर दिसली, तिथून पॅसिफिक ओलांडून १९८८ मध्ये भारतात पोचली. पुढच्याच थंडीत आमच्या बांधावरचे कोवळे शेंडे चिकट झाले, काळवंडले, गळाले. झाडं मेली नाहीत, पण थंडीत शेंडे गेल्यावर उन्हाळ्याला पाला कुठून येणार? एखादं तरी निराळं निघेल म्हणून वडील रोज रांग फिरत. एकही निघालं नाही. त्या उन्हाळ्यात आम्ही एक म्हैस विकली.

खरं तर सुबाभळीची भावंडं वीसहून अधिक आहेत. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या डोंगरांत ती आजही रानटी वाढतात आणि त्यांतल्या काहींना ही कीड फारसं काही करू शकत नाही. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या शास्त्रज्ञांनी त्यांतल्याच एकीशी संकर करून, वर्षानुवर्षं खपून, ‘रेडलँड्स’ हा वाण काढला. ती रानटी झाडं आधीच तोडली गेली असती, तर संकर कशाशी करणार होते?

आटपाडीकडच्या मेंढपाळाला हे कुणी शिकवावं लागलं नाही. त्याची आकडी बोरीवर, हिवरावर, बाभळीवर, जे हाताला लागेल त्यावर चालते.

वडिलांनी पुढे सुबाभळीच्या मधेमधे शेवरी, हादगा, तुती लावली. रांग पार वाकडी झाली. त्यावरून आई त्यांना शेवटपर्यंत चिडवत असे.