पाठुंगळीची गोष्ट

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात मी अमेरिकेत, कोलोरॅडो राज्यातल्या बोल्डर गावी मुलाकडे गेलो होतो. नातू आठ महिन्यांचा. गावाला लागूनच रॉकी पर्वत, आणि तिथली माणसं शनिवार-रविवारी घरात बसत नाहीत. त्या पायवाटांवर बाबागाडी चालत नाही. तेव्हा नातवाला पाठीवर नेण्यासाठी बेबी कॅरिअर घ्यायचं ठरलं आणि आम्ही सगळे एका दुकानात गेलो.

भिंतीवर ओळीनं टांगलेली ती कॅरिअर पाहून मी चक्रावलोच. एकीकडे कापडी, छातीशी बांधायची. दुसरीकडे अॅल्युमिनियमच्या सांगाड्याची, आत खुर्चीसारखी बैठक, वर ऊन-पावसासाठी छप्पर. किमतीची चिठ्ठी उलटून पाहिली. तीनशे डॉलरच्या वर! आणि का कोण जाणे, मला एकदम आमच्या सातारा जिल्ह्यातला एक मुरमाचा रस्ता आठवला.

साल १९७२. दुष्काळ. मी बारा वर्षांचा. आई रस्त्याच्या दुष्काळी कामावर जायची. धाकटी बहीण तेव्हा काही महिन्यांची होती. तिची झोळी टांगायला कामाच्या जागी झाडसुद्धा नव्हतं. आई तिला जुन्या लुगड्याच्या पट्ट्यानं पाठीशी बांधायची आणि डोक्यावर मुरमाची पाटी घ्यायची. एकदा शाळेतल्या पोरांबरोबर मी त्या रस्त्यानं चाललो होतो. आईनं मला पाहिलं, हाक मारली. मी ऐकूच न आल्यासारखं केलं आणि पुढे गेलो.

"बाबा, यातलं कुठलं घ्यायचं?" मुलगा विचारत होता. आयुष्यभर इतिहास शिकवलेल्या माणसाला असं विचारू नये. तो आधी ती वस्तू आली कुठून ते शोधायला बसतो. त्या दिवशी आम्ही रिकाम्या हातानं परत आलो. सूनबाई काही बोलली नाही, हा तिचा मोठेपणा.

मूल अंगाशी बांधण्याची रीत किती जुनी, याचा हिशेब लागणं कठीण. कापड आणि कातडं मातीत टिकत नाही. पण ती जगभर आहे. मेक्सिकोतल्या बायकांचा रेबोझो, जपानमधली ओनबुहिमो, कोरियातलं पोदेगी. इनुइट बायकांच्या कोटाला तर पाठीवर बाळासाठी खास खोळ असते. त्याला अमाउती म्हणतात. आपल्याकडे बाळ बहुधा कडेवर. शेतात झोळी, आणि थोडं मोठं झालं की पाठुंगळीला. झाशीच्या राणीचा पाठीशी मूल बांधलेला पुतळा तुम्ही पाहिला असेल. शिल्पकार तिथे लहानसं बाळ दाखवतात, पण दामोदररावांना दत्तक घेतलं १८५३ साली. म्हणजे १८५८ मध्ये ते आठ-नऊ वर्षांचे होते. एवढा मुलगा पाठीशी घेऊन घोडा पळवता येतो का, हा प्रश्न माझ्या वर्गात दर वर्षी एखादी तरी मुलगी विचारायचीच.

अमेरिकेलाही अशी एक आई माहीत आहे. माझ्या नाण्यांच्या संग्रहात २००० साली निघालेलं सोनेरी रंगाचं एक डॉलरचं नाणं आहे. त्यावर साकाजवेया ही शोशोनी जमातीची तरुणी आहे आणि तिच्या पाठीवर झोपलेलं बाळ. लुइस आणि क्लार्क यांच्या मोहिमेबरोबर ती १८०५ च्या एप्रिलमध्ये पश्चिमेकडे निघाली, तेव्हा तो मुलगा जेमतेम दोन महिन्यांचा होता.

मग युरोप-अमेरिकेतली सुखवस्तू घरं ही रीत विसरली कशी? याला बाबागाडी बरीचशी कारणीभूत. १७३३ च्या सुमारास विल्यम केंट या वास्तुरचनाकारानं इंग्लंडातल्या ड्यूक ऑफ डेव्हनशरच्या मुलांसाठी जनावरानं ओढायची एक छोटी गाडी केली. पुढे व्हिक्टोरिया राणीच्या काळात ढकलायच्या बाबागाड्या आल्या आणि त्या प्रतिष्ठेची खूण झाल्या. गाडी ढकलणारी दाई म्हणजे श्रीमंती. पाठीला मूल बांधलेली बाई म्हणजे गरिबी. मी बारा वर्षांचा असताना हा इतिहास वाचलेला नव्हता. तरी तो मला पाठ होता.

आता गंमत बघा. या वस्तूला दुकानात आणणारी बाई त्याच कोलोरॅडोतली निघाली. अॅन मूर ही परिचारिका १९६० नंतरच्या वर्षांत पीस कोअर या स्वयंसेवी योजनेतून आफ्रिकेतल्या टोगो देशात गेली होती. तिथल्या आया बाळाला पाठीशी बांधून बाजारहाट करतात, शेतात राबतात आणि मुलं फारशी रडत नाहीत, हे तिनं पाहिलं. १९६४ मध्ये तिला मुलगी झाली. अॅननं शाल घेऊन तसंच बांधून पाहिलं, पण बाळ घसरायचं. टोगोतली आई लहानपणापासून जी गाठ पाहत आलेली असते, ती काही पुस्तकातून येत नाही. शेवटी अॅनची आई, लुसी ऑकरमन, हिनं पट्टे आणि पाय बाहेर काढायची भोकं असलेली पिशवी शिवून दिली. रस्त्यात लोक थांबवून विचारू लागले. मागणी वाढली तशी ओहायो राज्यातल्या शेतकरी कुटुंबांतल्या बायका घरोघरी या पिशव्या शिवू लागल्या. १९६९ मध्ये पेटंट मिळालं. या पिशवीचं नाव स्नगली. १९७३ साली स्वीडनच्या ब्यॉर्न जेकबसन यांनीही छातीशी बांधायचं कॅरिअर आणलं.

सांगाड्याच्या कॅरिअरची गोष्ट वेगळी आहे. ती गिर्यारोहकांची. जेरी कनिंगहॅम हा दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या पहाडी पलटणीत होता. युद्धानंतर त्यानं बोल्डरजवळ डोंगरातच गिर्यारोहणाच्या सामानाचा कारखाना काढला आणि पुढे मूल बसवायचा हलका सांगाडाही केला. पिशवीला सांगाडा लावायची कल्पना मात्र त्याच्याही आधीची. लॉइड नेल्सन नावाच्या माणसानं १९२० च्या सुमारास अलास्कात एका आदिवासीकडून पाठपिशवी उसनी घेतली. काठ्यांवर ताणलेलं सीलचं कातडं, एवढीच ती वस्तू. तिच्यावरून सुधारून केलेल्या पिशवीचं पेटंट त्यानं १९२४ मध्ये मिळवलं. १९५२ पासून कॅलिफोर्नियातल्या डिक केल्टीनं अॅल्युमिनियमचा सांगाडा आणि कमरपट्टा लोकप्रिय केला. हा कमरपट्टा फार महत्त्वाचा. त्यानं भार खांद्यावरून उतरून कमरेवर येतो. कळशी कमरेवर घेणाऱ्या आपल्या बायकांना हे वेगळं सांगायला नको. १९८५ मध्ये कनिंगहॅमच्या परंपरेतल्या जेरिको कंपनीनंच स्नगली विकत घेतली, आणि टोगोचं कापड व अलास्काच्या काठ्या एका छपराखाली आल्या.

शास्त्रज्ञ आले ते सगळ्यात शेवटी. माँट्रियलमध्ये १९८६ साली ९९ मातांचा अभ्यास झाला. ज्या बाळांना मुद्दाम जास्त वेळ अंगाशी घेतलं, ती सहा आठवड्यांच्या वयात ४३ टक्के कमी रडत होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

एवढं वाचून झाल्यावर मी पुढच्या शनिवारी पुन्हा दुकानात गेलो, आणि या वेळी काय बघायचं ते मला ठाऊक होतं. पहिलं, वय. सांगाड्यात बसवायचं तर बाळाला आधाराशिवाय बसता आलं पाहिजे, म्हणजे साधारण सहा महिने. त्याआधी कापडीच बरं, पण तोंड-नाक झाकलं जाता कामा नये. सैल झोळीसारख्या कॅरिअरमध्ये तान्ही मुलं गुदमरल्यानं अमेरिकेच्या सुरक्षा आयोगानं मार्च २०१० मध्ये जाहीर इशारा दिला होता. दुसरं, पाय. मांड्या फाकलेल्या आणि गुडघे ढुंगणापेक्षा वर हवेत. नावाहो जमातीत बाळाला फळीवर पाय सरळ करून बांधत. त्यांच्यात खुब्याचा सांधा निखळण्याचं प्रमाण जास्त आढळलं. आनुवंशिकतेचाही वाटा असेल, पण मांड्या फाकवून पाठीशी बांधण्याची रीत असलेल्या आफ्रिकी समाजांत हा दोष क्वचित दिसतो. तिसरं, कमरपट्टा उचलणाऱ्याच्या मापाचा हवा. रिकामा सांगाडाच तीनेक किलोचा. त्यात नातू, त्याचं पाणी, लंगोट. माझ्या पाठीला मणके आहेत की नाही हे पहिल्या दहा मिनिटांत कळलं. छपराचा आणि खिशांचा सोस मी सोडून दिला.

आणखी एक गोष्ट दुकानातल्या मुलीनं सांगितली. चालणाऱ्याला घाम फुटतो, पण मूल नुसतं बसलेलं असतं, ते गारठतं. आणि बुटाची नाडी बांधायला कमरेतून वाकायचं नाही. मूल डोक्यावरून पुढे यायचं.

रविवारी मुलानं नातवाला पाठीवर घेतलं. निघण्याआधी गावी आईला व्हिडिओ कॉल लावला. आता ती चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. तिनं फोन डोळ्यांशी धरून बराच वेळ पाहिलं.

"पाय लोंबत न्हाईत न्हवं त्याचं?"

"नाही गं, आई. बैठक चांगली आहे."

"तुजी बहीण अशी बांदली की गप व्हायची."

मी सगळ्यांपासून जरा लांब गेलो. म्हटलं, "आई, बहात्तर साली त्या रस्त्यावर तू मला हाक मारली होतीस."

"ठावं हाय मला. पोरं होती तुज्यासंगं."

मग म्हणाली, "त्याच्या डोक्याला टोपडं घाल आधी. डोंगरावर वारं असतंय."