मटक्याचं गणित: आकडा लागतो, तरी पैसे का राहत नाहीत?

"ओपनला काय आलं?"

औसा तालुक्यातलं किल्लारी असो की नांदेडकडचं एखादं बाजाराचं गाव, चहाच्या टपरीवर हा प्रश्न कानावर पडला तर विषय क्रिकेटचा नाही, हे कुणालाही कळतं. विषय असतो मटक्याचा.

गंमत म्हणजे या मटक्याची सुरुवात कापसातून झाली. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात भाव कितीला उघडला आणि कितीला बंद झाला, हे आकडे तारेने मुंबईत यायचे आणि त्यावर लोक पैसे लावायचे. ओपन आणि क्लोज हे शब्द तिथलेच. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कचे आकडे येणं थांबलं. मग १९६२ मध्ये कल्याणजी भगत याने वरळीत स्वतःचा आकडा काढायला सुरुवात केली आणि १९६४ मध्ये रतन खत्रीने आपला वेगळा मटका सुरू केला. आधी मडक्यातून चिठ्ठ्या निघायच्या, म्हणून नाव पडलं मटका. पुढे मडकं गेलं, पत्ते आले, नाव मात्र तेच राहिलं. मुंबईच्या गिरणी कामगारांमध्ये तो जोरात चालला. आणीबाणीत खत्री तुरुंगात गेला. फिरोज खानच्या 'धर्मात्मा' (१९७५) मधली प्रेमनाथची भूमिका त्याच्यावरूनच बेतली होती, असं म्हणतात. २०२० मध्ये तो वारला.

आता खेळ कसा चालतो ते बघू. तीन पत्ते काढतात. समजा ३, ६ आणि ८ आले. बेरीज १७, त्यातला शेवटचा आकडा ७. हा झाला ओपन. नंतर पुन्हा तीन पत्ते निघतात: १, ४, ५. बेरीज १०, म्हणजे क्लोज ०. जोडी झाली ७०. लोक एका आकड्यावर, जोडीवर किंवा तीन पत्त्यांच्या 'पत्ती'वर पैसे लावतात.

मजा कशात आहे? दहा रुपयांत दिवसभराची उत्सुकता मिळते. स्वप्नात साप दिसला तर अमुक आकडा, समोरून गेलेल्या गाडीचा नंबर, जुने चार्ट, सगळ्यांचा हिशेब लावता येतो. शेतात राबून भाव आपल्या हातात नसतो. इथे निदान आकडा तरी आपण निवडलेला असतो.

पण भाव बघा. एका आकड्यावर १० रुपये लावले आणि तो लागला, तर साधारण ९० रुपये मिळतात. आकडे दहा आहेत. दहा जणांनी दहा वेगवेगळ्या आकड्यांवर १० रुपये लावले तर जमले १००, वाटले ९०. उरलेले १० आकडा घेणाऱ्याचे, कुणीही जिंको. रोज १०० रुपये लावणाऱ्याचे वर्षाला ३६,५०० रुपये फिरतात आणि सरासरीने ३,६५० जातात. हे झालं खेळ सरळ असेल तर. ज्या आकड्यावर सगळ्यात कमी पैसे लागलेत तोच काढला, तर किल्लारीत बसलेल्या माणसाला ते कळणार कसं? पत्ते त्याच्यासमोर निघतच नाहीत.

"सात आठवडाभर आला नाही, आता येणारच" ही चार्टवाल्यांची आवडती समजूत. पत्त्यांना मागचं काही आठवत नसतं. एकच आकडा सलग दहा वेळा लावला तरी तो एकदाही न येण्याची शक्यता जवळपास ३५ टक्के आहे. आता हरल्यावर दरवेळी रक्कम दुप्पट करायची, असं ठरवून कुणी १० रुपयांपासून सुरुवात केली, तर दहावा डाव ५,१२० रुपयांचा होतो आणि एकूण १०,२३० रुपये लागलेले असतात. खासगी सावकाराचं दार इथूनच दिसायला लागतं.

हल्ली व्हॉट्सअॅप आणि टेलिग्रामवर 'फिक्स आकडा' विकणारे आलेत. त्यांची युक्ती सोपी आहे. हजार लोकांचे दहा गट करायचे आणि प्रत्येक गटाला वेगळा आकडा द्यायचा. शंभर जणांचा लागतोच! उद्या त्या शंभरांनाच पुन्हा दहा आकडे वाटायचे. दोनदा 'खरं' ठरलेला माणूस पाहून उरलेले दहा जण फी भरायला तयार होतात.

कायद्याचं म्हणाल तर १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात आजही चालतो. त्यात कौशल्याच्या खेळांना आणि परवानगी असलेल्या घोड्यांच्या शर्यतींना सूट आहे, त्यामुळे महालक्ष्मीला लावलेला पैसा चालतो, मटक्याचा चालत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्यात पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड आहे, जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा आहे. नुसत्या खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही.

पैसे ऑनलाइन फसवणुकीत गेले असतील तर १९३० वर लगेच फोन करावा. विनापरवाना सावकाराने जमीन लिहून घेतली असेल, तर २०१४ च्या सावकारी कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकाकडे तक्रार करता येते. सवय सुटत नसेल तर 'टेली-मानस'चा १४४१६ हा नंबर मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.