दख्खनचा बाण आणि कागदाचे रॉकेट

बाण म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे रामाचे धनुष्य उभे राहते. परंतु सतराव्या-अठराव्या शतकांतील लढायांच्या वर्णनांत 'बाणांचा मारा झाला' असे जे शब्द येतात, त्यांतील कितीतरी ठिकाणी धनुष्याचा संबंधच नसतो. तेथे बाण म्हणजे दारू ठासलेली नळी, तिला बांधलेली बांबूची लांब काठी, आणि बत्ती देताच फुत्कार करीत सुटणारा अग्नी. आज आपण ज्याला रॉकेट म्हणतो तेच हे. शब्द जुना राहिला, वस्तू बदलली. हे ध्यानात न आल्यामुळे पुराणांतील आग्नेयास्त्रालाही रॉकेट ठरविण्याचा मोह अनेकांना पडतो. तो मोह मी आवरणार आहे. मला बोलावयाचे आहे ते एका पुठ्ठ्याच्या पेटीविषयी.

ही पेटी परदेशांत मुलांसाठी खेळण्यांच्या दुकानात मिळते. आत कागदाची हलकी नळी असते, निमुळते टोक असते, बाल्सा नावाच्या अतिशय हलक्या लाकडाची पातळ फळी, काही पुठ्ठ्याच्या चकत्या, रबराची दोरी आणि प्लॅस्टिकची लहानशी हवाई छत्री. हे सारे जोडून, घासून, रंगवून दहा-बारा वर्षांचा मुलगा एक रॉकेट तयार करतो. ते शेदोनशे मीटर उंच जाते आणि छत्रीने खाली येते. या पेटीत सर्व काही असते. नसते ती फक्त दारू. ती का नसते, हाच माझ्या व्याख्यानाचा विषय. कारण आपल्या दख्खनच्या बाणकारापुढे ही सोय कधीच नव्हती.

पुण्याच्या भांडारकर संस्थेचे परशुराम कृष्ण गोडे यांनी १९५३ साली हिंदुस्थानातील शोभेच्या दारूचा इतिहास इंग्रजीत प्रसिद्ध केला. त्यात ओरिसाचा गजपती प्रतापरुद्रदेव याच्या नावावरील 'कौतुकचिंतामणि' या संस्कृत ग्रंथातील कृती त्यांनी पुढे आणल्या. कल्पवृक्षबाण, चामरबाण, चंद्रज्योती, चंपाबाण, पुष्पवर्ती अशी त्यांची नावे. साहित्यात गंधक, सोरा, कोळसा, पोलादाचा आणि लोखंडाचा कीस, तांब्याचा जंगाल, हरताळ, गेरू, हिंगूळ, आणि मध्ये पोकळ वेळूची नळी. त्याच लेखात आपल्या जिल्ह्याचाही मान आहे. पैठणच्या एकनाथांनी १५७० च्या सुमारास रचलेल्या 'रुक्मिणीस्वयंवरा'त लग्नाच्या वर्णनात आतषबाजी येते, हे गोडे यांनी दाखवून दिले. कृष्णाच्या लग्नात दारूकाम झाले की नाही हा प्रश्न निरर्थक आहे. पैठणच्या श्रोत्यांना लग्न म्हटले की दारूकाम आठवत होते, एवढे त्यावरून सिद्ध होते.

कृतींची ही यादी पाहिली की कारागिराचा जीव कशात गुंतला होता ते कळते. तो गुंतला होता आगीत. मिश्रण तोच वाटी, नळी तोच ठाशी, काठी तोच बांधी. हात भाजला तर त्याचाच.

लग्नातील ही हवई रणांगणावर गेली तेव्हा तिने काय केले, याचे एक ठळक उदाहरण आपल्या शहराशी निगडित आहे. मलिक अंबरने १६१० साली खडकी वसविली. पुढे तिला औरंगाबाद हे नाव मिळाले आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. याच गावात दख्खनचा सुभेदार म्हणून राहणारा शाहजादा औरंगजेब १६५७ च्या जानेवारीत येथून निघून बीदरवर चालून गेला. तो किल्ला सुमारे चार आठवडे झुंजला. शेवटच्या हल्ल्यात मोगलांनी फेकलेल्या बाणांपैकी एकाची आग किल्ल्यातील दारूसाठ्यावर पडली, प्रचंड स्फोट झाला, आणि बुरुजावर लढणारा वृद्ध किल्लेदार सिद्दी मरजान भाजून मरणोन्मुख झाला. किल्ला पडला. औरंगजेबाचा पराक्रम म्हणून ही गोष्ट सांगितली जाते. मला मात्र वाटते की त्या बाणाने नेम धरलेला नव्हता. बाणाला नेम नसेच. तो कोठे पडेल हे सोडणाऱ्यालाही ठाऊक नसे. म्हणून तो घोळक्यावर, हत्तींवर, छावणीवर सोडीत. त्याची जरब होती ती आवाजाची, आगीची आणि अनिश्चिततेची.

ही अनिश्चितता येई कोठून? येथे थोडे यंत्रशास्त्र सांगणे प्राप्त आहे. कोणतीही लांब वस्तू हवेतून जाऊ लागली की हवा तिला बाजूने ढकलते. या ढकलण्याचा मध्य वस्तूच्या तोलाच्या मध्याच्या मागे असेल, तर वाकडी झालेली वस्तू पुन्हा सरळ होते. पुढे असेल, तर ती कोलांट्या खाते. बाणाची दारू भरलेली नळी जड आणि पुढे. काठी लांब, हलकी आणि मागे. म्हणून बाण सरळ जाई. संक्रांतीच्या पतंगाला शेपूट बांधणारा मुलगा याच नात्यातील उपाय करतो. परंतु बांबूचे दोन तुकडे कधी सारखे नसतात. एक जाड, एक बारीक, एक किंचित वाकडा, एक ओला. प्रत्येक काठीबरोबर बाणाचा स्वभाव बदले. हैदर आणि टिपू यांच्या कारागिरांनी कागद-वेळूच्या जागी लोखंडी नळी आणली, दारू अधिक घट्ट ठासली, पल्ला वाढविला. २०१८ साली कर्नाटकात शिवमोग्गा जिल्ह्यातील नगर येथे एका जुन्या विहिरीत अशा हजाराहून अधिक लोखंडी नळ्या सापडल्या. पण काठी बांबूचीच राहिली.

त्या बाणांची चव ज्याने चाखली तो एक गृहस्थ आपल्या गावी येऊन गेला आहे. १७९९ च्या ५ एप्रिलच्या रात्री श्रीरंगपट्टणजवळच्या सुलतानपेठच्या राईत कर्नल आर्थर वेलस्लीची तुकडी बाणांच्या माऱ्याने उधळली. चार वर्षांनी, १८०३ च्या ऑगस्टअखेर, तोच वेलस्ली औरंगाबादेस पोहोचला आणि पुढे २३ सप्टेंबरला असईच्या मैदानात उतरला. म्हैसूरचे बाण विलायतेत गेले. विल्यम काँग्रीव्हने त्यांवरून आपली रॉकेटे बनविली. त्यालाही काठीने छळले. बाजूला बांधलेली काठी त्याने १८१५ मध्ये मधोमध आणली, आणि १८४४ मध्ये विल्यम हेलने ज्वाळेलाच तिरपी वाट देऊन रॉकेट फिरते ठेवले व काठी टाकून दिली. एवढे होईपर्यंत तोफा इतक्या सुधारल्या की रॉकेटांची गरजच उरली नाही. असो.

आता पेटीकडे वळू. १९५७ च्या ऑक्टोबरात रशियाचा स्पुट्निक उडाला आणि अमेरिकेतील शाळकरी मुलांना रॉकेटांचे वेड लागले. घरातील तळघरात, लोखंडी पाइपात, मिळेल ते रसायन ठासून ही मुले रॉकेटे करू लागली. पाइप फुटत, कोणाची बोटे जात, कोणाचा डोळा, कोणाचा जीव. म्हणजे चारशे वर्षांपूर्वीच्या बाणकाराचा धोका, पण त्याचे पिढीजात शिक्षण नाही. यावर उपाय काढला तो एका जोडे विकणाऱ्याने. नेब्रास्कातील नॉरफोक गावचा ऑर्व्हिल कार्लाइल हा शोभेच्या दारूचा शौकीन होता. त्याचा भाऊ रॉबर्ट विमानांच्या नमुन्यांचा. भावाच्या व्याख्यानात दाखविण्यासाठी म्हणून १९५४ मध्ये त्याने कागदाच्या नळीचे, बाल्साच्या पंखांचे, छत्रीने उतरणारे रॉकेट केले. धातू कोठेही नाही. दारूची नळी वेगळी: कागदाची, कारखान्यात दाबून भरलेली, उड्डाणागणिक नवी घालावयाची. मुलांच्या अपघातांवर लिहिणाऱ्या हॅरी स्टाइन नावाच्या तंत्रज्ञाला त्याने नमुने पाठविले. स्टाइनने कंपनी काढली. दारूच्या नळ्या हाताने भरून पुरेनात, म्हणून डेन्व्हरच्या व्हर्नन एस्टिसने दाबाच्या हवेवर चालणारे यंत्र बांधले. ते दर साडेपाच सेकंदांस एक नळी भरी.

या वाटणीत मला खरा शोध दिसतो. आग यंत्राकडे गेली आणि सारखी झाली. काया मुलाकडे आली. बाणकाराने ज्या अंगाकडे सर्वांत कमी पाहिले, तेच अंग मुलाच्या हाती पूर्णपणे पडले. आता रॉकेट वाकडे गेले तर दारूला दोष देता येत नाही.

म्हणून या जोडकामात बारीकसारीक गोष्टींना फार महत्त्व आहे. नळीवर पंखांसाठी उभी रेघ मारावयाची असते, आणि गोल वस्तूवर सरळ रेघ मारणे सोपे नाही. त्यासाठी नळी दाराच्या चौकटीच्या खाचेत ठेवून काठाने पेन्सिल ओढतात. पंख कापताना लाकडाचे रेषे पंखाच्या पुढच्या कडेला समांतर घ्यावे लागतात, नाही तर पहिल्या झटक्यात पंख रेषेवर तुटतो. आतील चकती सरस लावून एकाच दमात ढकलावी लागते; मध्ये थांबले की सरस धरतो आणि चकती अर्ध्या वाटेत कायमची बसते. पंख चिकटल्यावर दोन्ही बाजूंच्या कोपऱ्यात सरसाची बारीक धार सोडून बोटाने गुळगुळीत करतात. त्याने जोड पक्का होतो आणि हवाही अडत नाही.

मग शेवटचा हात. पुष्कळांना हा केवळ शोभेचा भाग वाटतो. तसा तो नाही. बाल्सा सच्छिद्र असते. आपले रंगारी दारांना लांबी भरतात, तशी त्याची छिद्रे भरून, काचकागदाने घासून, पुन्हा भरून, पुन्हा घासावे लागते. पंखाची पुढची कड गोल करावी, मागची निमुळती. खडबडीत अंगावर हवा अडखळते आणि उंची कमी होते. उलट रंगाचे थरावर थर चढविले तर वजन वाढते, आणि ते मागे पंखांवर वाढले तर तोलाचा मध्यही मागे सरकतो. म्हणजे फार सजविलेले रॉकेट कोलांट्या खाऊ शकते. अस्तर पांढरे, वर भडक नारिंगी वा पिवळा, तोही पातळ. कारण ते गवतात सापडले पाहिजे. छत्रीला घडी घालण्यापूर्वी शंखजिऱ्याची पूड लावतात, म्हणजे ती चिकटून राहत नाही.

परीक्षा मोठी गमतीची आहे. दारूची नळी बसवून, तोलाच्या जागी दोरी बांधून, रॉकेट गोफणीसारखे डोक्याभोवती फिरवावयाचे. टोक पुढे ठेवून फिरले तर ते उडविण्यास योग्य. उलटेपालटे फिरले तर पंख मोठे करा किंवा टोकात वजन घाला. हेच गणिताने आधी काढण्याची सोपी रीत जेम्स बॅरोमन या अमेरिकन अवकाश संस्थेतील अभियंत्याने १९६६ च्या सुमारास बसविली, तेव्हापासून मुले कागदावरही तोल काढू लागली.

आपल्याकडे हा छंद फारसा रुजला नाही. मोठी रॉकेटे मात्र रुजली: थुंब्याहून २१ नोव्हेंबर १९६३ रोजी पहिले उडाले, आणि पुण्यात जन्मलेल्या वसंतराव गोवारीकरांनी घन इंधनाची विद्या तेथे उभी केली. छंद न रुजण्याचे कारण मुलांच्या अंगात कौशल्य नाही हे नव्हे. दिवाळीत कामट्या तासून, ताव चिकटवून षट्कोनी आकाशकंदील करणारा मुलगा बाल्साचे पंख सहज बसवील. अडते ते दारूपाशी. तशी भरलेली नळी १८८४ च्या स्फोटक पदार्थांच्या कायद्याच्या कक्षेत येते, परवान्याचा प्रश्न उभा राहतो, आणि घरी भरणे तर गुन्हाच. या कायद्याला नावे ठेवण्यापूर्वी आपण २९ ऑक्टोबर २०१६ आठवावा. त्या दिवशी याच शहरात, जिल्हा परिषदेच्या मैदानावर, दिवाळीच्या फटाक्यांच्या दुकानांची रांगच्या रांग पेटली, आणि साठ्यातील हवया जमिनीलगत सैरावैरा धावल्या. बीदरच्या बुरुजाचे वर्णन ज्यांनी वाचले होते त्यांना ते त्या दिवशी उमगले असेल.

तरीही ज्या पालकांना मुलाचे मन मोडावयाचे नाही, त्यांच्यासाठी कायद्याबाहेरचा नव्हे, पण दारूबाहेरचा एक मार्ग आहे. सरबताच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत तिसरा हिस्सा पाणी घालावे, तोंडाला घट्ट बूच व त्यातून सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवावा, बाटली उलटी उभी करून दूरवर नळी नेऊन पंपाने हवा भरावी. बूच सुटते, पाणी खाली, बाटली वर. मोकळे मैदान हवे, आणि बाटलीवर कोणी वाकता कामा नये. बाटलीच्या तोंडाकडे पुठ्ठ्याचे तीन पंख लावावे, वरच्या बाजूला चिकणमातीचा गोळा बसवावा. एकदा तसे उडवावे. मग गोळा काढून पुन्हा उडवावे, आणि बाटली काय करते ते मुलालाच सांगू द्यावे.