गजराज गवताचा प्रवास : गिनीच्या किनाऱ्यापासून वर्ध्याच्या धुऱ्यापर्यंत

वर्धा जिल्ह्यात विहिरीजवळच्या धुऱ्यावर किंवा गोठ्यामागच्या ओलसर तुकड्यावर उसासारखे दिसणारे उंच गवत बऱ्याच ठिकाणी आढळते. कोणी त्याला हत्ती गवत म्हणतात, कोणी गजराज, तर कोणी नुसतेच ‘नेपियर’. हे गवत एकदा लावले की तीन-चार वर्षे कापत राहायचे, ही गोष्ट शेतकऱ्याच्या घरातील मुलांना ठाऊक असते. मात्र ते मूळचे आफ्रिकेचे आहे, ज्याच्या नावाने ते ओळखले जाते तो एक लष्करी अधिकारी होता आणि आज धुऱ्यावर उभे असलेले वाण माणसाने दोन जातींचा मेळ घालून तयार केले आहे, हे सहसा माहीत नसते. या गवताचा इतिहास वर्ध्याच्या एका जुन्या प्रश्नाशी जोडलेला आहे. तो प्रश्न असा : गाय पाळायची, पण तिला खायला काय घालायचे?

वर्धा हा गवळाऊ गाईंचा मुलूख. आर्वी, आष्टी आणि कारंजा (घाडगे) या तालुक्यांच्या डोंगराळ भागात नंद गवळी समाजाने ही पांढरी, काटक, चपळ चालीची जात पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. तिचे बैल ओझे घेऊन धावण्यात पटाईत. ही जात टिकली ती रानातल्या गवतावर : पवना, मारवेल, शेडा, कुसळी. पावसाळ्यात ही गवते उगवतात, दसरा-दिवाळीच्या सुमारास कापून त्यांच्या गंज्या रचतात आणि उन्हाळ्यापर्यंत तेवढ्यावर भागवतात. गावाजवळच्या गुरांना ज्वारीचा कडबा असे. ज्वारीही मूळची आफ्रिकेचीच, पण हजारो वर्षांपूर्वी इकडे येऊन ती इतकी आपली झाली, की तिला परकी म्हणायला जीभ धजत नाही.

या व्यवस्थेला पहिला धक्का कापसाने दिला. वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपूरपासून वेगळा करण्यात आला. तेव्हा अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. ब्रिटिश गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना आणि हिंगणघाटच्या लांब धाग्याच्या कापसाला एकदम भाव आला. १८६७ मध्ये मुंबईहून निघालेला लोहमार्ग वर्ध्यावरून नागपूरला पोचला. त्याच सुमारास सरकारने मध्य प्रांत आणि वऱ्हाडसाठी रिव्हेट-कारनॅक या अधिकाऱ्याला कापूस आयुक्त नेमले. काळ्या जमिनीत कापूस पसरला आणि चराईची राने मागे हटली. कापसाच्या पऱ्हाट्या चुलीत जळतात, पण त्यांनी गाईचे पोट भरत नाही.

सत्तर-पंचाहत्तर वर्षांनी हाच प्रश्न वर्ध्यातच देशापुढे मांडला गेला. १९३४ मध्ये गांधीजी वर्ध्याला आले. १९३६ पासून ते शेगावात राहू लागले आणि १९४० मध्ये त्या गावाचे नाव सेवाग्राम झाले. १९४१ मध्ये जमनालाल बजाज यांनी गोसेवा संघाचे काम अंगावर घेतले आणि वर्ध्याजवळ गोपुरीत झोपडी बांधून ते राहू लागले. फेब्रुवारी १९४२ मध्ये वर्ध्यात गोसेवेची परिषद भरली आणि त्याच महिन्याच्या ११ तारखेला जमनालालजींचे निधन झाले. नंतर जानकीदेवी बजाज, राधाकृष्ण बजाज आदींनी ते काम पुढे चालवले. (गांधीजी स्वतः १९१९ पासून शेळीचे दूध घेत असत, आणि तरीही गाईचा विचार त्यांनी इतक्या बारकाईने केला, याची गंमत वाटते.) त्या वेळी गांधीजींनी मांडलेला एक मुद्दा भावनेचा नसून हिशेबाचा होता. एकेकट्या शेतकऱ्याजवळ जागा, चराई आणि चांगला वळू यांतले काहीच पुरेसे नसते, म्हणून गुरे सामुदायिक रीतीने सांभाळावीत, असे त्यांचे म्हणणे होते. गोरक्षणाच्या गप्पा मारणाऱ्यांना चाऱ्याचा हिशेब विचारणारा हा दृष्टिकोन वैज्ञानिकच म्हटला पाहिजे.

आता गवताकडे वळू. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, आज जिथे घाना आहे, तिथे डेन्मार्कची ठाणी होती. पीटर थॉनिंग नावाच्या डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १७९९ ते १८०३ या काळात तिथल्या वनस्पतींचे नमुने गोळा केले. त्यांवरून शूमाखर यांनी १८२७ मध्ये या गवताचे वर्णन प्रसिद्ध करून त्याला ‘पेनिसेटम पर्प्युरियम’ असे नाव दिले. ‘पेनिसेटम’ म्हणजे पिसासारखे केस असलेले. त्याचे कणीस पाहिले की नाव पटते. अलीकडे वर्गीकरण बदलून या जातीला ‘सेंक्रस पर्प्युरियस’ म्हणतात, पण शेतीच्या पुस्तकांतून जुने नावही चालू आहे.

आफ्रिकेत हे गवत नदीकाठच्या ओलसर, सुपीक जमिनीवर रानोमाळ वाढते आणि दोन पुरुष उंच होते. हत्ती त्यात लपावा असे ते गवत, म्हणून हत्ती गवत. त्याची लागवड करावी असे मात्र फार उशिरा सुचले. १९०९ च्या सुमारास ऱ्होडेशियातील (आजचे झिम्बाब्वे) बुलावायो येथील कर्नल नेपियर यांनी तिथल्या शेतकी खात्याचे लक्ष या गवताकडे वेधले. खात्याने ते लावून पाहिले, गुरांनी आवडीने खाल्ले आणि कर्नलसाहेबांचे नाव गवताला कायमचे चिकटले. आफ्रिकेतल्या गुराख्यांना हे गवत शेकडो वर्षे माहीत होते, पण नाव मिळाले ते कळवणाऱ्याला! १९१२ च्या सुमारास ते भारतात आले आणि कोइमतूरच्या शेतकी क्षेत्रावर त्याचे प्रयोग झाले.

नेपियर भरघोस वाढे, पण त्याची पाने खरबरीत, कडा धारदार आणि खोड लवकर जरड होणारे. बाजरीचा चारा मऊ आणि गोड, पण बाजरी एकदा कापली की संपली. या दोघांचा संकर केला तर? दोन्ही एकाच प्रजातीतली गवते आणि दोघांचे माहेर आफ्रिका. बाजरी सहाराच्या दक्षिणेकडील पट्ट्यात सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी माणसाळली आणि नंतर भारतात आली. नेपियरला यायला विसावे शतक उजाडले. हजारो वर्षांच्या अंतराने आलेल्या या दोन नातलगांची कोइमतूरला गाठ घालून दिली गेली.

हा संकर करणे तसे सोपे आहे. बाजरीच्या कणसात स्त्रीकेसर आधी बाहेर पडतात आणि परागकोश दोन-तीन दिवसांनी. या मधल्या काळात कणसावर नेपियरचे पराग टाकले की काम होते. अडचण एवढीच, की नेपियर दिवस लहान झाल्यावर, थंडीच्या तोंडाशी फुलते. म्हणून बाजरीची पेरणी तो मुहूर्त साधून करावी लागते. दक्षिण आफ्रिकेत असा संकर आधीच झाला होता. तिकडे बाजरीला ‘बबाला’ म्हणत, त्यामुळे त्या गवताचे नाव पडले ‘बाना’. कोइमतूरचे संकरित गवत १९५३ मध्ये आले, तर दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचे ‘पुसा जायंट’ १९६१ मध्ये. पुढे लुधियानाहून ‘एनबी-२१’ आले आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ‘यशवंत’ व ‘फुले जयवंत’ हे वाण दिले.

या गवताला बी का धरत नाही, हा प्रश्न दहावीच्या पुढच्या वर्गात विचारण्याजोगा आहे. बाजरीत १४ गुणसूत्रे असतात, नेपियरमध्ये २८. प्रजनन पेशी तयार होताना ही संख्या निम्मी होते, म्हणजे बाजरीकडून ७ आणि नेपियरकडून १४. संकरात एकूण २१ आली. आता या संकराला स्वतःच्या प्रजनन पेशी करायच्या आहेत. त्यासाठी गुणसूत्रांच्या जोड्या जुळाव्या लागतात, पण २१ ही विषम संख्या. प्रत्यक्षात नेपियरची ७ गुणसूत्रे बाजरीच्या सातांशी मिळतीजुळती असल्याने त्यांच्या सात जोड्या जमतात आणि उरलेली सात एकटी राहून वाटेल तशी विखुरतात. परिणामी पराग आणि बीजांड निकामी होतात. खेचराचे असेच होते. कणीस येते, पण ते रिकामे. कॉल्चिसिन या द्रव्याने संकराची गुणसूत्रे दुप्पट, म्हणजे ४२ केली तर प्रत्येकाला जोडीदार मिळतो आणि प्रजननक्षमता परत येते.

वंध्यत्वाचा एक फायदा आहे : हे गवत बियांनी शेतभर पसरत नाही. तोटाही आहे. एखाद्या वाणाचे गावोगावचे सगळे ठोंब म्हणजे एकाच झाडाचे तुकडे. एकाला जो रोग मारतो तो सर्वांना मारू शकतो. पूर्व आफ्रिकेत नेपियरला खुजा करणारा रोग पसरला तेव्हा तिथल्या लहान गोपालकांचा चाराच धोक्यात आला. त्याच पूर्व आफ्रिकेत नेपियरचा एक निराळा उपयोगही शोधला गेला. मक्याच्या शेताभोवती नेपियर लावले की खोडकिड्याचे पतंग त्यावर अंडी घालतात आणि अळ्या त्याच्या चिकट रसात मरतात. केनियातल्या या पद्धतीमागे जियाउर खान हे भारतात जन्मलेले कीटकशास्त्रज्ञ आहेत.

लागवडीची रीत साधी आहे. तीन-साडेतीन महिन्यांच्या पक्व खोडाचे दोन डोळ्यांचे तुकडे किंवा मुळांसह ठोंब घ्यावेत. ९० बाय ६० सेंटिमीटरवर, एक डोळा मातीत आणि एक वर राहील असे लावावेत. एका गुंठ्याला सुमारे १८५ तुकडे लागतात. पावसाळ्याचा आरंभ किंवा फेब्रुवारी-मार्च हा चांगला काळ, पण काळ्या जमिनीत पाणी तुंबणार नाही हे पाहावे. पहिली कापणी दोन-अडीच महिन्यांनी, पुढच्या दर सहा ते आठ आठवड्यांनी. कापताना बुंधा वीतभर ठेवावा, कारण नवे फुटवे खालच्या पेरांतून येतात. प्रत्येक कापणीनंतर नत्र आणि पाणी द्यावे. शेणखत व गोठ्याचे पाणी वळवले तर उत्तमच. गवत वाढू देऊन उंची वाढवण्याचा मोह आवरावा. उंच झालेले गवत तंतूंनी भरते आणि त्यातली प्रथिने घटतात. या गवतात ऑक्झॅलेटही असते. ते कॅल्शियमला बांधून ठेवते, म्हणून नुसते नेपियर न घालता लसूणघास, चवळी असा द्विदल चारा मिसळावा.

मुलांना हिशेब घालता येईल. हेक्टरी वर्षाला १०० टन हिरवा चारा धरला (पाणी-खत चांगले असले तर याहून अधिक मिळतो), तर गुंठ्याला एक टन. गाईला रोज २० किलो हिरवा चारा द्यायचा तर वर्षाला ७३०० किलो, म्हणजे सात-साडेसात गुंठे. एवढ्या थोड्या जागेत इतके पीक येण्याचे कारण पानाच्या रचनेत आहे. ऊस, मका, ज्वारी, बाजरी यांच्याप्रमाणे नेपियरही कार्बन डाय-ऑक्साइड आधी चार कार्बन अणूंच्या संयुगात पकडते आणि शिरांभोवतीच्या पेशींत नेऊन एकवटते. ऑस्ट्रेलियातील हॅच आणि स्लॅक यांनी १९६६ मध्ये उसावर काम करून हा मार्ग मांडला. प्रखर ऊन आणि उष्णता असताना ही पद्धत सरस ठरते. कापूस, तूर, सोयाबीन यांच्यात ती नाही.

पण उन्हाचे सोने करायला पाणी हवे, आणि वर्ध्यात घोडे तिथेच अडते. जिल्ह्यातली बरीच शेती कोरडवाहू. उन्हाळ्यात दर दहा-पंधरा दिवसांनी ओलीत करू शकेल त्याच्याच दारात गजराज हिरवा राहतो. २००६ मध्ये पंतप्रधानांच्या मदत योजनेत विदर्भातले जे सहा जिल्हे होते त्यांत वर्धा होता. त्या योजनेत शेतकऱ्यांना अनुदानावर जास्त दूध देणाऱ्या गाई मिळाल्या. ज्यांच्याकडे विहीर नाही त्यांच्या दारी संकरित गाय आली आणि तिचे खाणे घरच्या माणसांच्या खाण्यापेक्षा महाग पडू लागले. तोवर ज्वारीचे क्षेत्र घटून सोयाबीन आले होते, आणि सोयाबीनचे कुटार कडब्याची जागा घेऊ शकत नाही. आधी चारा, मग गाय, हा क्रम गोपुरीच्या माणसांना ठाऊक होता. साठ वर्षांनी सरकारी कागदावर तो उलटा झाला.

म्हणून गजराजाला उपाय म्हणताना हात आखडता घ्यावा असे मला वाटते. पाणी असेल तिथे त्याला तोड नाही. पाणी नसेल तिथे मारवेल आणि पवना यांचे राखलेले गायरान जास्त भरवशाचे. एका पावसावर ते उभे राहते, मरत नाही आणि गवळाऊला तेच मानवते. कारंजा तालुक्यात हेटीकुंडीला या जातीसाठी सरकारी पैदास केंद्र आहे. जात जपायची तर तिचे गवतही जपावे लागेल.

नेपियरचा एक शोभेचा भाऊबंद हल्ली रोपवाटिकांतून दिसू लागला आहे. ‘फाउंटन ग्रास’ म्हणजे कारंजे गवत. हेही आफ्रिकेचे आणि बहुवर्षायू. याला भरपूर ऊन आणि निचऱ्याची जमीन हवी. थंडी सरताना बुंध्यापासून वीतभरावर छाटावे आणि दोन-तीन वर्षांनी ठोंब फोडून पुन्हा लावावेत. गंमत अशी, की हेही त्रिगुणित आहे, २७ गुणसूत्रांचे. पण हे फलनाशिवायच बी धरते आणि वाऱ्यावर पसरते. हवाईत त्याने लाव्ह्याच्या उघड्या जमिनी व्यापून वणव्यांना इंधन पुरवले. युरोपीय संघाने २०१७ मध्ये त्याला उपद्रवी परक्या जातींच्या यादीत घातले. लालसर पानांचा प्रकार क्वचितच बी धरतो, म्हणून शाळेच्या बागेत लावायचाच झाला तर तोच लावावा आणि कणसे सुकण्याआधी कापून टाकावीत.

वर्गात करण्याजोगा एक प्रयोग : पावसाळ्यात संकरित नेपियरचे दहा तुकडे एका वाफ्यात डोळा वर करून आणि दहा दुसऱ्या वाफ्यात उलटे लावावेत. किती दिवसांनी किती फुटले, कोंब कुठून आला आणि मुळे कुठून, हे मुलांनी आठवड्याला लिहून ठेवावे. हिवाळ्यात त्यातल्या काही बुंध्यांची कणसे येऊ द्यावीत. ती तळहातावर चोळून दाणा मिळतो का पाहावे आणि शेजारी बाजरीचे कणीस ठेवावे.