पोलिसांच्या आवारातील समुपदेशक: त्यांच्याकडे कधी जावे?

घरात मार खाणाऱ्या बाईला "पोलिसांत जा" असे सांगणे सोपे असते. तिला वेगळीच भीती वाटते: पायरी चढली की गुन्हा नोंदवावाच लागेल, नवऱ्याला अटक होईल, संसार मोडेल. खरे तर तक्रार देण्याआधीही तेथे बोलता येते.

१९८४ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांबरोबर महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. 'स्पेशल सेल' म्हणून ओळखले जाणारे असे कक्ष आता राज्याच्या इतर जिल्ह्यांतही पोलिसांच्या आवारात चालतात. तेथील समुपदेशक पोलीस नसतात. समाजकार्याचे शिक्षण घेतलेल्या कार्यकर्त्या असतात. सल्ल्याचे पैसे लागत नाहीत.

त्या आधी तुमचे ऐकून घेतात, मग काही थेट प्रश्न विचारतात. आज रात्री घरी जाणे सुरक्षित आहे का? मुले कुठे आहेत? जिवे मारण्याची धमकी दिली आहे का? आणि, तुम्हाला जीव द्यावासा वाटतो का? हा शेवटचा प्रश्न नातेवाइकांना खटकतो. पण विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. दिवसभर अशाच कहाण्या ऐकून समुपदेशक कधी थोड्या कोरड्या वाटतील. त्यावरून परत फिरू नका.

पुढे काय करायचे ते तुम्ही ठरवायचे: नवऱ्याला बोलावून चर्चा, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली न्यायालयाकडून संरक्षण, की फौजदारी तक्रार. समुपदेशन म्हणजे "जरा जुळवून घे" नव्हे. कोणी तसा दबाव आणला तर स्पष्ट नकार द्या. एक मर्यादा मात्र आधीच माहीत असू द्या. अठरा वर्षांखालील मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाला असेल, तर पॉक्सो कायद्याप्रमाणे ते कळवावेच लागते. ती गोष्ट गुप्त ठेवता येत नाही.

आधी रुग्णालयात कधी जावे?

डोक्याला मार, रक्तस्राव, गरोदरपणात पोटावर मार, ही कारणे सहसा लक्षात येतात. गळा आवळल्याचे मात्र बायका सांगतच नाहीत, कारण अनेकदा वळ दिसत नाही. आवाज बसणे, गिळताना दुखणे, धाप लागणे, चक्कर, क्षणभर शुद्ध हरपणे यांपैकी काहीही झाले असेल तर त्याच दिवशी तपासून घ्या. मानेतील रक्तवाहिनीला इजा झाली असेल तर त्रास काही तासांनी, कधी काही दिवसांनीही दिसतो.

डॉक्टरांना "जिन्यावरून पडले" असे सांगू नका. खरे कारण सांगितले तर तपासणी योग्य होते आणि त्याची नोंद पुढे न्यायालयात कामी येते. उपचारासाठी आधी पोलिसांत जाण्याची अट नाही.

जवळचा कक्ष कुठे आहे ते पोलीस ठाण्यात किंवा १८१ या महिला हेल्पलाइनवर विचारा. जिवाला धोका असेल तर ११२. जीव द्यावासा वाटत असेल तर टेलि-मानसच्या १४४१६ वर रात्री-अपरात्रीही मराठीत बोलता येते.